तांब्याच्या हंड्यातले पाणी बाळाला द्यावे का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

हे पत्र नाशिक जिल्ह्यात एकत्र कुटुंबात राहणाऱ्या, ३१ वर्षांच्या एका नोकरदार आईचे आहे. घरात सासूबाईंच्या माहेरून आलेला तांब्याचा हंडा असून गेली चार वर्षे सर्व जण त्यातलेच पाणी पितात. हंडा अर्धा झाला की वरून भरला जातो, त्यामुळे तळाचे पाणी किती दिवसांचे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. सासरे रात्री तांब्यात लिंबू पिळून ठेवतात आणि पहाटे त्यात मध घालून पितात. पती आरओ यंत्राचे पाणी तांब्याच्या बाटलीत भरून कारखान्यात नेतात. बाळ सात महिन्यांचे आहे, नुकतेच उष्टावण झाले आहे, आणि यापुढे बाळाचे पिण्याचे पाणी, पेज व वरच्या दुधाची पावडर हे सगळे हंड्यातल्याच पाण्यात करावे असा सासूबाईंचा आग्रह आहे. पत्रलेखिकेचे हिमोग्लोबिन ९.४ आले असून डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. शेजारच्या काकूंच्या मते मात्र तांब्याचे पाणीच रक्त वाढवते. सकाळी हे पाणी प्यायल्यावर पत्रलेखिकेला मळमळते. यावरून घरात वाद झाला तेव्हा पती म्हणाले, “आजी-पणजी हेच पाणी प्यायल्या, त्यांना काय झाले?” हे पाणी औषध आहे की विष, आणि विष असेल तर हंडा घरातून कसा काढावा, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या अगदी शेवटी त्या लिहितात की नणंदेच्या १४ वर्षांच्या मुलाला वर्षभरात दोनदा कावीळ झाली, हल्ली त्याचे हात थरथरतात, अक्षर बिघडले आहे, आणि यकृत सुधारावे म्हणून सासूबाईंनी त्यालाही हंड्यातले पाणी सुरू केले आहे.

उत्तर:

प्रिय ताई,

तुमचा मुख्य प्रश्न बाळाबद्दल आहे, पण मी उत्तराला सुरुवात पत्राच्या शेवटच्या ओळींपासून करते. तुम्ही त्या जाता जाता लिहिल्या आहेत, आणि मला मात्र तुमच्या घरातला सर्वांत तातडीचा प्रश्न तिथेच दिसतो.

एका पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. शाळकरी मुलांना होणारी कावीळ आपल्याकडे बहुधा दूषित पाण्यातून किंवा उघड्यावरच्या खाण्यातून येणाऱ्या ‘हिपॅटायटिस ए’मुळे होते, आणि बहुतेक मुले त्यातून पूर्ण बरी होतात. पण तो आजार एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही. वर्षभरात दुसऱ्यांदा कावीळ, सोबत हातांना कंप आणि बिघडलेले अक्षर, हे सगळे एकाच मुलात दिसते तेव्हा डॉक्टरांच्या मनात ज्या आजारांची शंका येते त्यांपैकी एक विल्सन रोग आहे. आपल्या शरीराला तांबे अगदी थोडे लागते आणि उरलेले तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. या आजारात एटीपी७बी नावाच्या जनुकातील दोषामुळे यकृताला ते काम जमत नाही. तांबे आधी यकृतात, मग मेंदूत आणि डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला साठत जाते. १९१२ साली डॉ. किनियर विल्सन यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. साधारण ३०,००० माणसांत एकाला तो आढळतो, म्हणजे दुर्मीळ आहे. पण ज्या घरात असतो त्या घरात तो अनेकदा वर्षानुवर्षे ओळखला जात नाही. मूल अभ्यासात मागे पडते, चिडचिडे होते, हात थरथरतात, आणि सगळे म्हणतात की वयच तसे आहे.

या मुलाला तांब्याच्या भांड्यातले पाणी देणे आजच थांबवा. ते यकृतासाठी औषध म्हणून दिले जात असेल तर अधिकच तातडीने थांबवा. त्याला बालरोगतज्ज्ञांकडे किंवा यकृतविकारतज्ज्ञांकडे न्या आणि कावीळ, कंप व अक्षर या तिन्ही गोष्टी एकत्र सांगा, कारण प्रत्येक गोष्ट वेगळ्या डॉक्टरांना वेगळ्या वेळी सांगितली गेली तर त्यांचा मेळ बसत नाही. रक्तातील सेरुलोप्लाझमिन हे तांबे वाहून नेणारे प्रथिन, २४ तासांच्या लघवीतील तांबे, आणि नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या यंत्राखाली बुबुळाच्या कडेला साठलेल्या तांब्याचे कायसर-फ्लायशर वलय पाहणे, या तपासण्यांनी पुष्कळ उलगडा होतो. हा आजार निघालाच तर पेनिसिलामाइन, ट्रायेंटिन किंवा जस्ताची औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. वेळेत सुरू झाल्यास माणूस नोकरी, संसार, सगळे नीट करू शकतो. त्या मुलाला सख्खे भावंड असेल तर त्याचीही तपासणी लागते, कारण आई-वडील दोघेही दोषवाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक घरांत आहे, आणि नात्यातल्या लग्नांत असे आजार अधिक आढळतात, म्हणून ती माहितीही डॉक्टरांना न संकोचता द्यावी. तुमच्या बाळाला याचा धोका खूप कमी आहे, कारण दोष आई आणि वडील अशा दोघांकडूनही यावा लागतो. तरी भाच्याचे निदान झाले तर बाळाच्या डॉक्टरांच्या कानावर ते घाला.

आता बाळाकडे येऊ. बाळाचे पाणी, पेज आणि दूध यांपैकी काहीही तांब्यात किंवा पितळेत साठवू नये, उकळू नये आणि त्यात साठवलेल्या पाण्यात कालवूही नये. मोठ्यांच्या बाबतीत पुढे जो थोडा लवचीकपणा मी दाखवणार आहे, तो बाळाच्या बाबतीत मला मुळीच मान्य नाही, आणि त्याचे कारण आपल्याच महाराष्ट्रात घडलेले आहे.

विसाव्या शतकात भारतात लहान मुलांच्या यकृताचा एक भयंकर आजार होता. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचे पोट फुगायचे, यकृत दगडासारखे कठीण लागायचे, कावीळ उतरायची नाही आणि बहुतेक मुले काही महिन्यांत जायची. वैद्यकात त्याला ‘इंडियन चाइल्डहुड सिर्होसिस’ असे नाव पडले. एकाच घरात एकामागून एक भावंडे गेल्याच्या हकिगती होत्या, आणि आयांना त्यात दैव, दृष्ट, दोष सगळे दिसत होते. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड असते हे पुढे कळले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी मग या मुलांच्या घरी काय शिजते आणि कशात शिजते याचा माग काढला. १९८३ साली त्यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले की आजारी मुलांना अगदी लहान वयात गाईचे किंवा म्हशीचे वरचे दूध सुरू झाले होते आणि ते पितळी किंवा तांब्याच्या भांड्यांत तापवले व साठवले जात होते. दुधातील केसिन हे प्रथिन तांबे धरून ठेवते. त्यामुळे त्याच भांड्यात साध्या पाण्यात उतरते त्याहून पुष्कळ जास्त तांबे दुधात उतरते, आणि अंगावरचे दूध सुटलेले तान्हे मूल दिवसभर तेच दूध पिते. सगळ्या संशोधकांचे या कारणावर एकमत झाले नाही, काही मुलांत आनुवंशिक प्रवृत्तीही असावी असे मानले गेले. पण दुधाची भांडी बदला, असे आई-वडिलांना सांगितले जाऊ लागले, घराघरांत स्टील आणि ॲल्युमिनियम आले, आणि आज हा आजार तरुण बालरोगतज्ज्ञांना क्वचितच पाहायला मिळतो. ऑस्ट्रियातील टायरोल भागातही तांब्याच्या भांड्यांत दूध उकळण्याची रीत होती, तसाच आजार होता, आणि भांडी बदलल्यावर तोही नाहीसा झाला.

तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. आजी-पणजींना काय झाले ते त्या सांगू शकल्या, कारण त्या जगल्या. त्यांच्या पाळण्यातून उठून गेलेल्या मुलांची गणती कोणाच्या आठवणीत नीट राहिलेली नाही.

इथे मला न्यायाने एक गोष्ट लिहिली पाहिजे. हा पुरावा दुधाचा आणि मुख्यतः पितळेचा आहे. हंड्यातल्या साध्या पाण्याने बाळाला असा आजार होतोच, असे मी म्हणत नाही. पण सात ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसभरात तांबे लागते ते फक्त ०.२२ मिलिग्रॅम, आणि ते दूध, पेज, वरण यांतून सहज मिळते. नवजात बाळाच्या यकृतात तांब्याचा साठा मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक असतो आणि ते बाहेर टाकण्याची यंत्रणा अजून कच्ची असते. ज्या वस्तूची बाळाला उणीव नाही आणि जिचा निचरा त्याला नीट जमत नाही, ती वस्तू मुद्दाम वाढवण्यात मला काहीच हशील दिसत नाही. दुधाच्या पावडरीबाबत आणखी एक सांगते. पावडर पूर्णपणे निर्जंतुक नसते, म्हणून पाणी स्टीलच्या पातेल्यात उकळून, ते ७० अंशांच्या खाली जाण्याआधी, म्हणजे उतरवल्यापासून अर्ध्या तासाच्या आत त्यात पावडर कालवावी आणि बाटली गार पाण्यात धरून कोमट करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रात्रभर हंड्यात ठेवलेल्या गार पाण्याला या पद्धतीत जागाच नाही. सासऱ्यांच्या मधाचा उल्लेख आलाच आहे म्हणून लिहिते, वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटही चाटवू नका. बोट्युलिझम नावाच्या विषबाधेची भीती खरी आहे.

आता आजी-पणजींचे उरलेले अर्धे उत्तर. माझे बालपण कोकणातल्या एका घरात गेले. तिथे स्वयंपाकघरात तांबे-पितळ भरपूर होते, आणि त्याबरोबर नियमही भरपूर होते. चिंचेची आमटी, कोकमाचे सार, ताक यांतले काहीही बिनकल्हईच्या भांड्यात पडत नसे. चुकून पितळेच्या भांड्यात ताक राहिले तर आजी ते ओतून द्यायची आणि म्हणायची, “कळकले.” हा शब्द आपल्या भाषेत आहे, कारण तो अनुभव आपल्या घरांत होता: आंबट पदार्थ तांब्या-पितळेशी बोलतो, हिरवट होतो, तुरट लागतो आणि पोट बिघडवतो. वर्षातून एक-दोनदा कल्हईवाला भाता घेऊन अंगणात बसायचा, भांडे तापवून त्यावर नवसागर टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवून आतून रुपेरी करायचा. हंड्या-कळशांना सहसा कल्हई नसायची, कारण त्यांत फक्त पाणी राहायचे, रोज पहाटे ते ओतले जायचे आणि हंडा चिंच-राखेने घासला जायचा. आयुर्वेदाच्या रसशास्त्रातही तांब्याला आठ दोष सांगितले आहेत, त्यांत वांती आणि भ्रम येतात, आणि शोधन-मारण, म्हणजे शुद्ध करून भस्म केल्याशिवाय ताम्र औषध म्हणून पोटात देऊ नये असा दंडक आहे. म्हणून मला तुमच्या घरातला वाद परंपरा विरुद्ध विज्ञान असा वाटत नाही. गेल्या काही वर्षांत आपण परंपरेतले भांडे परत आणले आणि त्याच्याबरोबरचे नियम आणायचे विसरलो, एवढेच झाले आहे.

त्या भांड्याचे गुण काय ते आता पाहू, कारण सासूबाईंचे म्हणणे निराधार नाही आणि ते तसे ठरवून तुमचे काही साधणारही नाही. तांब्याचे आयन, म्हणजे पाण्यात उतरलेले त्याचे अतिसूक्ष्म कण, जंतूंच्या आवरणाला आणि आतल्या प्रथिनांना इजा करतात. बंगळूरु आणि कोलकात्यातील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलरा, टायफॉइड, आमांश यांचे जंतू आणि ई. कोलाय मिसळलेले पाणी १६ तास तांब्याच्या भांड्यांत खोलीच्या तापमानाला ठेवले, आणि त्यानंतर त्या पाण्यातून एकही जंतू वाढवता आला नाही. तेवढ्या वेळात लिटरमागे सुमारे ०.१८ मिलिग्रॅम तांबे पाण्यात उतरले होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे प्रमाण तिच्या दहाव्या भागाहून कमी झाले. आपल्या भारतीय मानकात इष्ट मर्यादा ०.०५ आणि दुसरा स्रोत नसेल तर सहन करण्याजोगी मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. निरोगी प्रौढाला रोज साधारण ०.९ मिलिग्रॅम तांबे लागते, आणि तीळ, शेंगदाणे, काजू, डाळी, बाजरी खाणाऱ्या घरात ते जेवणातूनच पुरते होते. तेव्हा असे दोन लिटर पाणी प्यायल्याने शरीरात जाणारे तिसरा हिस्सा मिलिग्रॅम तांबे निरोगी माणसाला बाधत नाही, आणि त्याने फार काही साधतही नाही. वजन उतरते, थायरॉइड सुधारते, सांधे मोकळे होतात, असे जे सांगितले जाते त्यांपैकी कशालाही मी तुमच्यासमोर आधार म्हणून ठेवू शकत नाही.

जंतू मरतात याचा अर्थही नीट समजून घ्यावा. तो प्रयोग ठरावीक जंतूंवर, ठरावीक वेळ, झाकलेल्या भांड्यात झाला होता. तुमच्या हंड्यात दिवसभर वरून नवे पाणी पडते, म्हणजे आताच ओतलेल्या पाण्यातील जंतूंना सोळा मिनिटेही मिळत नाहीत आणि तळाच्या पाण्यात मात्र तांबे दिवसेंदिवस उतरत राहते. गढूळ पाणी, टँकरचे पाणी किंवा पावसाळ्यात विहिरीला उतरलेले पाणी यांच्यावर तांब्याचा भरवसा ठेवू नये. ते गाळून उकळावे किंवा त्यात क्लोरीन असावे. गावात ग्रामपंचायत टीसीएल ही क्लोरीनची पावडर टाकते, तिची जागा हंडा घेऊ शकत नाही. चंद्रपूर, यवतमाळसारख्या भागांत विंधन विहिरींच्या पाण्यात येणारे फ्लोराइड, किंवा शेतातून झिरपणारे नायट्रेट, हे तांब्याने जरासुद्धा कमी होत नाहीत. माझ्या वाचकांपैकी कोणी तांब्याचा हंडा आहे म्हणून पाणी उकळणे सोडले असेल तर त्यांनी ते आजपासून पुन्हा सुरू करावे.

सासऱ्यांचे रात्रभरचे लिंबूपाणी मात्र ताबडतोब थांबायला हवे. आम्ल तांबे भराभर विरघळवते, आणि रात्रभर मुरलेल्या लिंबूपाण्यात तांब्याचे प्रमाण साध्या पाण्याच्या कितीतरी पट वर जाऊ शकते. लिटरमागे तीन-चार मिलिग्रॅमच्या पुढे गेले की अनेकांना मळमळ, पोटात कळ, उलटी, जुलाब सुरू होतात. चव तुरट-कडवट लागते. त्यांना लिंबू आवडत असेल तर सकाळी काचेच्या पेल्यात साधे पाणी घेऊन त्यात लिंबू पिळावे, म्हणजे त्यांची सवय मोडत नाही आणि तांब्याशी गाठ पडत नाही.

यजमानांच्या बाटलीबद्दल मला थोडी अधिक काळजी वाटते, ती अशासाठी की हा प्रकार नवा आहे आणि त्याला कोणत्याही आजीचा नियम नाही. आरओ यंत्र पाण्यातील क्षार काढून घेते आणि उरलेले पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे त्यात नळाच्या पाण्यापेक्षा तांबे सहज उतरू शकते. त्यात कारखान्यातला उकाडा, दिवसभर बंद बाटली, आणि बोटही आत न जाणारे अरुंद तोंड. आत हिरवट थर, ज्याला जुने लोक जंगाल म्हणतात, साचला आहे का हे टॉर्च मारून पाहा. असल्यास ती बाटली पाण्यासाठी वापरू नका. सरबत, ताक, कोकम, मीठ-साखरेचे पाणी किंवा उन्हाळ्यात घेतात ती क्षारांची पावडर यांपैकी काहीही त्या बाटलीत एकदाही जाऊ नये. कामावर न्यायला स्टीलची बाटली पुरेशी आहे. यंत्राने शुद्ध केलेले पाणी पुन्हा तांब्यात शुद्ध करायला ठेवण्याची गरजही मला कळत नाही.

तुमच्या मळमळीचे खापर मी लगेच हंड्यावर फोडणार नाही. लोहाच्या गोळ्यांनीही मळमळते, रिकाम्या पोटी घेतल्या तर विशेष. आणि प्रसूतीला सात महिने झाले असताना पुन्हा दिवस राहिलेले नाहीत ना, हेही पाहायला हवे. आठवडाभर फक्त स्टीलच्या भांड्यातले पाणी प्या, गोळी जेवणानंतर घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा, आणि फरक पडतो का ते पाहा. शेजारच्या काकूंच्या बोलण्यात सत्याचा एक धागा आहे: लोह शरीरात फिरवायला तांबे लागते, आणि तांब्याची खरोखर उणीव झाली तर रक्त कमी होते. पण ती उणीव सहसा पोटाच्या काही शस्त्रक्रियांनंतर किंवा जस्ताच्या गोळ्या दीर्घकाळ खाल्ल्याने होते. बाळंतपणानंतर आपल्या बायकांचे हिमोग्लोबिन घसरते ते बहुतेक वेळा लोहाअभावी, आणि ते हंड्याने भरून निघत नाही. गोळ्या सोडू नका. सासऱ्यांच्या तांब्यातले लिंबू तुमच्या ताटातल्या पालेभाजीवर आणि उसळीवर पिळा, तिथे ते लोह शोषायला मदत करते. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका.

हंडा घरातून काढावा का, या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. ज्यांना यकृताचा आजार नाही, विल्सन रोगाची शंका नाही, अशा मोठ्या माणसांसाठी तो राहू द्या, फक्त जुन्या शिस्तीने. रात्री गाळलेले किंवा उकळून पूर्ण गार झालेले साधे पाणी भरावे, झाकावे, सकाळी सात-आठपासून प्यावे आणि दुपारपर्यंत संपवावे. उरलेले झाडांना घालावे, मग हंडा विसळून पालथा करून सुकवावा आणि रात्री पुन्हा भरावा. गरम पाणी ओतू नये. पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे, कारण पेला बुडवताना बोटे बुडतात आणि सगळी शुद्धी तिथेच संपते. आठवड्यातून एकदा चिंच किंवा लिंबू-मिठाने आतून घासल्यावर आंबटपणाचा लवलेश राहणार नाही इतके धुवावे आणि पहिले भरलेले पाणी ओतून द्यावे. तारेच्या घासणीने आत ओरखडे पाडू नयेत. हंडा जुना आहे म्हणून आणखी एक पाहा: कधी गळला म्हणून झाळून आणला होता का? जुन्या झाळकामात शिसे असू शकते, आणि शिसे तान्ह्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत कोणालाच चालत नाही. आत राखाडी डाग किंवा जोड दिसला तर तो हंडा फुले ठेवायला, शोभेला ठेवा. पिण्याच्या पाण्यासाठी नको. नवा घ्यायचाच असेल तर पुण्याच्या तांबट आळीत आजही हाताने ठोकून मठारलेली भांडी मिळतात. आतून लाखेचा किंवा वार्निशचा थर नाही ना, हे विचारून घ्यावे.

सासूबाईंशी कसे बोलावे, हे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण तुमच्या पत्रात प्रत्येक ओळीखाली तेच आहे. त्या तुमच्या बाळाचे वाईट चिंतत नाहीत. त्यांच्याकडे द्यायला जे सर्वांत चांगले आहे असे त्यांना वाटते, ते त्यांच्या आईचे भांडे आहे, आणि तुम्ही ते विष आहे म्हणालात तर त्यांना ऐकू येईल ते पाण्याबद्दलचे राहणार नाही. म्हणून त्यांना मोबाइलवरचा लेख दाखवू नका. निवांत वेळी विचारा, “आई, आजींच्या घरी या हंड्यात ताक ठेवायचे का? दूध कशात तापवायचे? कल्हई किती दिवसांनी व्हायची?” माझा अनुभव असा की सत्तरीच्या बायकांना हे सगळे आठवते, आणि ते आठवू लागले की नियम त्याच सांगतात. मग बाळाच्या डॉक्टरांकडे पुढच्या लसीच्या वेळी त्यांना सोबत न्या आणि वर्ष-दोन वर्षे बाळाचे पाणी स्टीलमध्येच, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. पेज उकळण्याचे काम त्यांच्याच हाती ठेवा, पातेले फक्त बदला.

हे सगळे सावकाश होऊ द्या, त्याला घाई नाही. भाच्याचे तसे नाही. हे पत्र वाचून झाले की आधी नणंदेला फोन करा. हंड्याचा वाद, कोण बरोबर, कोण चूक, यातले काही काढू नका. फक्त एवढेच सांगा की त्याला तांब्यातले पाणी आज देऊ नका, दोन्ही काविळींचे जुने रिपोर्ट आणि गेल्या वर्षीची व यंदाची शाळेची वही बरोबर घ्या, आणि या आठवड्यात डॉक्टरांची वेळ ठरवा.